कडधान्याचा भुंगेरा व वनस्पतिजन्य तेले

तूर, मूग, चवळी, हरभरा इत्यादी कडधान्यांचे साठवणीत सर्वाधिक नुकसान भुंगेरा करतो. याची लागण पुष्कळदा शेतातच होते. मादी दाण्याच्या सालीवर पांढरट अंडी चिकटविते. अंड्यातून निघालेली अळी थेट दाण्यात शिरून आतील गर खाते. उष्ण हवेत सुमारे महिन्याभरात गोल भोक पाडून नवा भुंगेरा बाहेर पडतो. म्हणून भोके दिसू लागेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

तेले दोन प्रकारांनी काम करतात. निलगिरी, लवंग यांसारखी सुगंधी तेले हवेत उडून जातात. त्यांची वाफ किडीच्या श्वसनरंध्रांतून शरीरात शिरते व मज्जातंतूंवर परिणाम करते. परंतु वाफ निसटून जात असल्यामुळे हवाबंद भांड्यावाचून त्यांचा उपयोग टिकत नाही. शिवाय वास धान्यास लागतो, व मात्रा अधिक झाल्यास बियाण्याची उगवण घटते.

शेंगदाणा, करडई, एरंडी यांची तेले उडून जात नाहीत. त्यांचा पातळ थर दाण्यावर बसला म्हणजे अंडी गुदमरतात. आपल्याकडे तुरीस एरंडेल चोळण्याची जी चाल आहे, तिचे मर्म हेच होय. मात्र दाण्यात शिरलेली अळी तेलाने सहसा मरत नाही. याकरिता तेल आरंभीच लावावे.

कृती : धान्य कडक उन्हात वाळवावे. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला म्हणजे तो वाळला असे समजावे. धान्य निवल्यावर किलोस 5 ते 10 मिलिलिटर तेल सारखे चोळावे व स्वच्छ, कोरड्या, घट्ट झाकणाच्या कोठीत भरावे. जुन्या धान्यात नवे मिसळू नये. दर पंधरवड्यास तपासणी करावी.

सावधगिरी : खाण्याच्या धान्यास खाद्यतेलच लावावे. कडुनिंबाचे तेल व वेखंडाची पूड बियाण्यापुरतीच वापरावी. वेखंडातील बीटा-ॲसरोन हे द्रव्य प्रयोगशाळेतील प्राण्यांत कर्करोगकारक आढळले आहे. असे बियाणे निराळे ठेवून त्यावर ‘खाण्यास नाही’ अशी चिठ्ठी लावावी.

ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी दोन बरण्यांत एकाच राशीतील चवळी भरावी. एकीस तेल लावावे, दुसरीस लावू नये. दोहोंत सारखेच जिवंत भुंगेरे सोडून तोंडास फडके बांधावे. दीड महिन्याने दोन्ही बरण्या गावकऱ्यांसमोर उघडून भोके पडलेले दाणे मोजावेत. प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट शेतकरी लवकर स्वीकारतो.