आधी मुनीमजींना विचारा

आपलं वेब ॲप्लिकेशन हिशेबाच्या ऑनलाइन सॉफ्टवेअरला जोडून द्या, असं म्हणणारा मालक पुढचा प्रश्न हमखास विचारतो, "किती दिवस लागतील?" नांदेडच्या नव्या मोंढ्यात आणि लातूरच्या डाळमिलांमध्ये ही कामं करून माझं उत्तर आता ठरून गेलंय: जोडायला फार दिवस लागत नाहीत, पण त्याआधी मुनीमजींना माझ्यासोबत दोन-चार दुपारी बसू द्या. मालकाला हे आवडत नाही. त्याला वाटतं, मुनीमजींची कटकट कमी व्हावी म्हणूनच तर हा खटाटोप.

लातूरच्या एका डाळमिलचं उदाहरण घ्या. ऑर्डर घेणारं ॲप बाहेरच्या एका कंपनीने करून दिलं होतं, बिल थेट हिशेबात जात होतं, सगळे खूश होते. मग सीएंचा फोन आला आणि मला बोलावणं आलं. ॲपमध्ये 'तूरडाळ' हा एकच माल होता आणि त्यावर 5 टक्के जीएसटी लावून ठेवला होता. आता 18 जुलै 2022 पासूनचा नियम असा, की छापील लेबलच्या बंद पाकिटातली डाळ 25 किलोपर्यंत असेल तर 5 टक्के कर, त्यावरच्या पोत्याला कर नाही. ही मिल 30 किलोची पोतीही विकत होती आणि एक किलोची पाकिटंही. तिथल्या मुनीमजींना हे तोंडपाठ होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा मालाची यादी करताना पॅकिंगनुसार वेगवेगळी नावं पाडा, प्रत्येकाचा एचएसएन आणि कराचा दर सीएंकडून तपासून घ्या, मगच कोडला हात लावा.

आपल्या भागाची दुसरी गोम म्हणजे सीमा. उदगीरच्या व्यापाऱ्याला बिदरचं गिऱ्हाईक जवळ, देगलूर-बिलोलीच्या व्यापाऱ्याला तेलंगणातलं. मुंबई-पुण्यात बसून ॲप लिहिणाऱ्याच्या हे गावीही नसतं. तो पत्त्यासाठी एक मोकळा रकाना ठेवतो आणि राज्य गृहीत धरतो महाराष्ट्र. मग ज्या बिलावर आयजीएसटी लागायला हवा, त्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटी लागून बसतो. असा कर योग्य खात्यात नव्याने भरावा लागतो आणि आधी भरलेला परत मागावा लागतो. परताव्याच्या वाटेला गेलेल्यांना विचारा. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: 27 महाराष्ट्र, 29 कर्नाटक, 36 तेलंगणा. ॲपने निदान ते वाचून निवडलेल्या राज्याशी ताडून पाहावेत. पण बिदरची पार्टी स्वतःची गाडी आणून लातुरातूनच माल उचलते तेव्हा काय, हा प्रश्न प्रोग्रामरने सोडवायचा नाही. तो सीएंकडे न्यायचा आणि उत्तर लेखी घ्यायचं.

आता नेटबद्दल. ॲपने बिल पाठवलं, पलीकडे ते नोंदलं गेलं, आणि उत्तर येता येता नेट गेलं. ॲपला वाटतं, बिल पोचलंच नाही. ते पुन्हा पाठवतं. एकाच पोत्याची दोन बिलं होतात आणि पार्टीच्या खात्यावर दुप्पट उधारी चढते. मोंढ्यात अशा उधारीवरून सोयरीक तुटलेली आहे, गंमत नाही. यावर उपाय सोपा: आपला बिल क्रमांक संदर्भ म्हणून सोबत पाठवायचा आणि पुन्हा पाठवण्याआधी त्या क्रमांकाचं बिल पलीकडे आहे का, हे शोधायचं. क्रमांक मात्र एकाच ठिकाणी तयार व्हावा. ॲपही नंबर देतंय आणि सॉफ्टवेअरही, असं चालणार नाही. नियमाने तो 16 अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा.

तारखेचंही तसंच. सर्व्हर बऱ्याचदा ग्रीनिचच्या वेळेवर चालतो, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. भाजी-फळांच्या आडतीवर पहाटे पाचला फाडलेलं बिल आदल्या दिवशीच्या तारखेत पडतं. एरवी चालून जाईल, पण 1 एप्रिलच्या पहाटे ते सरळ गेल्या आर्थिक वर्षात जाऊन बसेल.

लॉगिनकडे कुणी लक्ष देत नाही. झोहो बुक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये ॲपला मिळणारी परवानगीची चावी तासाभरात संपते आणि नवी मिळवण्यासाठी वेगळी कायमची चावी जपून ठेवावी लागते. डेमो तासाच्या आत उरकतो, म्हणून ही उणीव डेमोत दिसत नाही. शिवाय ही परवानगी कुणाच्या ईमेलवरून दिली, ते पाहा. एका दुकानात ती कारकुनाच्या ईमेलवरून दिलेली होती. तो नोकरी सोडून गेला, त्याचं लॉगिन बंद केलं आणि बिलं जायची थांबली. मालकाच्या नावाचं, फर्मचं म्हणून वेगळं ईमेल काढा. झोहोवर मिनिटाला 100 विनंत्यांची मर्यादाही आहे, त्यामुळे महिन्याभराची बिलं साठवून एकदम ढकलू नका.

आणि सगळा भार एकाच सॉफ्टवेअरवर टाकू नका. इंट्युटने भारतातलं क्विकबुक्स बंद केलं तेव्हा वापरणाऱ्यांना आपला डेटा काढून दुसरीकडे न्यावा लागला. प्रत्येक बिलाची पूर्ण नोंद आपल्याकडेही हवी.

जीएसटीआर-1 भरून झाल्यावर तो महिना लॉक करा. त्यानंतर दुरुस्ती करायची असेल तर क्रेडिट नोट काढा, जुनं बिल ॲपमधून खोडण्याची सोय कुणालाच देऊ नका, मालकालाही नाही.

जोडणी जानेवारीत चाचणीच्या वेगळ्या खात्यावर सुरू करा. मार्चअखेरपर्यंत रोज संध्याकाळी दोन्हीकडची बेरीज मुनीमजींकडून ताडून घ्या. ती सलग जुळत असेल तरच 1 एप्रिलला, नव्या बिलमालिकेसोबत, खऱ्या खात्यावर या. जुळत नसेल तर बिलं हाताने चढवत राहा आणि प्रोग्रामरचे उरलेले पैसे देऊ नका. हे मी स्वतः प्रोग्रामर असून सांगतोय.