शोल्डर प्रेस : सोडायचा, बदलायचा की चालू ठेवायचा?

वस्तीतल्या व्यायामशाळांत आम्ही रक्तदाब तपासायला जातो, तेव्हा तपासणी आटोपली की पोरं हमखास विचारतात, "ताई, शोल्डर प्रेस मारू की बंद करू?" प्रेस मारल्याशिवाय खांदा भरत नाही, असे एकाला शिकवणाऱ्याने सांगितलेले असते. प्रेसने खांदा कायमचा जातो, असे दुसऱ्याने मोबाईलवर पाहिलेले असते. आता आपल्या मुली आणि तिशी-चाळिशीतल्या बायकाही डंबेल उचलू लागल्या आहेत. त्यांचाही हाच प्रश्न असतो.

प्रेस म्हणजे खांद्याजवळ धरलेले वजन सरळ डोक्यावर ढकलणे. हे काम आपल्याला नवे नाही. वीस लिटरचा पाण्याचा जार वीस किलोहून जास्त भरतो. माळ्यावर पिंप चढवणे, हंडा डोक्यावर घेणे, हे सगळे प्रेसचेच भाऊबंद. म्हणून हात वर नेण्याची ताकद आयुष्यातून काढून टाका, असे आम्ही कुणालाच सांगणार नाही. पण ही ताकद लोखंडी बारनेच, आजच आणि दुखत असतानाही कमवायची, असाही काही नियम नाही.

आधी खांदा कसा चालतो ते समजून घेऊ. दंडाच्या हाडाचा गोल माथा एका उथळ खोबणीत बसतो. ही खोबण उथळ आहे म्हणूनच हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच सांधा लवकर बिघडतोही. माथा जागेवर धरून ठेवायला चार लहान स्नायू असतात, त्यांना रोटेटर कफ म्हणतात. हात पूर्ण वर जाताना सगळी हालचाल एकट्या सांध्यात होत नाही. साधारण दोन भाग सांध्यात होतात आणि एक भाग पाठीवरचा फरा वर फिरल्यामुळे होतो. फरा फिरला नाही, पाठीचा वरचा भाग आखडलेला असला, तर उरलेली कसर माणूस कंबर मागे वाकवून भरून काढतो. ऑलिम्पिकच्या वजन उचलण्याच्या स्पर्धेतून प्रेस हा प्रकार 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर काढून टाकला, त्यामागेही हेच होते. खेळाडू इतके मागे झुकत की तो प्रेस राहिला आहे की नाही, हे पंचांना ठरवणे कठीण झाले होते.

त्यामुळे आमचा पहिला सल्ला, वजनाला हात लावण्याआधी भिंतीशी उभे राहा. टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, पाठ आणि डोके भिंतीला टेकलेले. आता कोपर न वाकवता दोन्ही हात समोरून सावकाश वर न्या. अंगठे भिंतीला लागले, कंबर भिंतीपासून सुटली नाही आणि दुखले नाही, तर तुमचा खांदा प्रेसला तयार आहे. खुशाल करा. कंबरेची कमान होत असेल किंवा हात कानापर्यंतच येत नसेल, तर काही आठवडे प्रेसच्या जागी दुसरे काही घ्या.

घ्यायचे काय? बारची एक बाजू भिंतीच्या कोपऱ्यात गोणपाटावर टेकवा, दुसरे टोक एका हाताने खांद्याजवळ धरा आणि तिरके पुढे-वर ढकला. हात पूर्ण डोक्यावर जात नाही, पण खांदा आणि फरा दोन्ही कामाला लागतात. आमच्या मते वस्तीच्या व्यायामशाळेत याहून चांगला पर्याय नाही, कारण वेगळे यंत्र लागत नाही. बार नसेल तर जोर आहेतच. जोराची सुरुवात जिथून होते, कंबर वर आणि डोके दोन हातांच्या मधे, त्याच स्थितीत थांबून कोपरे वाकवायची आणि सरळ करायची. जड वाटले तर हात खाटेच्या कडेवर ठेवा. डंबेल असतील तर तळवे एकमेकांकडे वळवून आणि कोपरे अगदी बाजूला न फाकवता थोडी पुढे ठेवून प्रेस करा. बऱ्याच जणांचे दुखणे एवढ्यानेच कमी होते. मानेमागून बार खाली आणण्याचा प्रकार मात्र सोडाच. त्यात खांदा सर्वांत अवघड कोनात जातो, आणि जास्तीचे मिळत काहीच नाही.

वजनाबद्दल पोरांना आमचे बोलणे रुचत नाही, तरी सांगतो. मोठा ऑलिम्पिक बार रिकामाच 20 किलोचा असतो. सुरुवात करणाऱ्याला, विशेषतः बायकांना, तो जड जाऊ शकतो. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली एक किलोची, पाच लिटरचा कॅन पाच किलोचा. तिथून सुरू करण्यात लाज कसली? आठ-दहा वेळा नीट उचलता आले आणि शेवटच्या दोन वेळा कष्ट पडले, तर वजन बरोबर आहे. ढकलताना श्वास सोडा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब उसळतो. ज्यांचा रक्तदाब आधीच आटोक्यात नाही, त्यांनी तो आधी आणावा, मग वजन.

आता एक गोष्ट, जी शिकवणारे विचारतच नाहीत : तू काम काय करतोस? रंगारी दिवसभर छताला ब्रश लावतो. हमाल गोणी चढवतो. त्याच्या खांद्याने संध्याकाळपर्यंत शंभर प्रेस मारलेले असतात, मजुरी देणाऱ्याने ते मोजलेले नसतात एवढेच. अशा माणसाला प्रेस नकोच. त्याने ओढण्याचे व्यायाम करावेत. बार वाकून पोटाकडे ओढणे किंवा रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून ओढणे पुरे. त्याने फऱ्यामागचे स्नायू भरतात आणि दिवसभराचा ताण पेलता येतो. दिवसभर शिलाई मशीनवर किंवा काउंटरवर वाकून बसणाऱ्याचे उलट आहे. त्याचा हात दिवसात एकदाही वर जात नाही. त्याने हलका प्रेस ठेवावा.

चाळिशीनंतर ब्लाउजचे हूक लावायला हात मागे जाईना, केस विंचरताना कळ येते, असे ज्या बायका सांगतात, त्यांना कुणी प्रेस करायला लावू नये. तो गोठलेला खांदा असू शकतो. मधुमेह असलेल्यांना तो जास्त होतो. अशा वेळी दवाखान्यात खांदा दाखवा आणि रक्तातली साखरही तपासून घ्या.

रात्री झोपमोड करणारे दुखणे, पडल्यानंतर किंवा झटका बसल्यानंतर हात वरच न जाणे, बोटांपर्यंत मुंग्या येणे, यात मालिश आणि बाम लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि डाव्या खांद्यात किंवा हातात दुखण्याबरोबर छाती जड वाटते, घाम फुटतो, दम लागतो, तर "काल प्रेस मारला म्हणून असेल" असे म्हणून झोपू नका. वय तीस असो की साठ, तेव्हाच 108 ला फोन करा. रुग्णवाहिकेला पैसे पडत नाहीत.

दुखत नसेल तर आठवड्यातून दोन दिवस पुरेत. ज्यांनी प्रेस बदलला आहे, त्यांनी दर पंधरा दिवसांनी पुन्हा भिंतीशी उभे राहून पाहावे. अंगठे भिंतीला टेकले की बाटली घेऊन सुरुवात करावी.