कादंबरीकाराची प्रेरणा : श्री. ना. पेंडसे यांच्या लेखनाच्या संदर्भात



कादंबरीकाराला प्रेरणा कोठून मिळते, या प्रश्नाला उत्तरपत्रिकांतून बहुधा एकच उत्तर आढळते : लेखकाने जे पाहिले, जे भोगले, तेच लिहिले. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या लेखनाच्या आधारे आपण ते तपासून पाहू.

पेंडसे यांचा जन्म १९१३ साली दापोली तालुक्यातील मुर्डी या गावी झाला. बालपण कोकणात गेले. पुढे शिक्षणासाठी ते मुंबईत आले आणि अनेक वर्षे त्यांनी बेस्टमध्ये नोकरी केली. आपल्यापैकी बरेच जण नोकरी सांभाळून अभ्यास करतात. पेंडसे यांनी 'एल्गार' (१९४९), 'हद्दपार' (१९५०), 'गारंबीचा बापू' (१९५२), 'रथचक्र' (१९६२) या कादंबऱ्या नोकरी सांभाळूनच लिहिल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रोज डोळ्यांसमोर होती ती मुंबई. लेखणीतून मात्र उतरत राहिले कोकण. 'पाहिले ते लिहिले' हे सूत्र खरे मानले, तर याचा उलगडा कसा करावा? गाव सुटल्यामुळेच ते मनात साठत, बदलत आणि मोठे होत गेले असावे. दुराव्यामुळे तपशील गळतात. उरतात ती माणसे आणि त्यांचे हट्ट. बापू असा उरलेला माणूस आहे. तो केवळ कोकणचा नमुना नव्हे. गावाच्या रीतीशी भांडत राधेचा हात धरणारा तो एकटा बापू आहे. 'प्रादेशिक कादंबरीकार' ही उपाधी वर्गीकरणास सोयीची खरी. मात्र ती लावली की प्रदेशच कादंबरी लिहितो, असा समज होऊ लागतो.

'रथचक्र'ची नायिका पाहा. मुलाला शिकवण्यासाठी ती एकत्र कुटुंबाशी झुंज घेते. लेखकाने तिला नाव दिलेले नाही. ती केवळ 'ती' आहे. अशा स्त्रिया त्या काळच्या कोकणात अनेक असतील. त्यांपैकी एखादीचे नाव तिला सहज देता आले असते. न देण्याचा निर्णय मात्र अनुभवाचा नव्हे, लेखकाचा आहे.

मुंबईतील कारकुनी जीवन पेंडसे यांच्या कादंबरीत आले ते 'लव्हाळी'त, १९६६ साली, रोजनिशीच्या रूपाने. हाताशी असलेली सामग्री कादंबरी होण्यास इतका काळ लागला! (प्रस्तुत लेखकाच्या मते 'लव्हाळी' अभ्यासक्रमांत जेवढी वाचली जाते, त्याहून अधिक वाचली जावी.)

याउलट हरिभाऊ आपट्यांचे उदाहरण आहे. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' या त्यांच्या साप्ताहिकातून क्रमशः आली. पुढील अंकाची निकड हीसुद्धा लेखनाची एक प्रेरणाच होय. शिवाय ही कहाणी एका स्त्रीच्या मुखातून, तिच्या आत्मकथनाच्या रूपाने येते. ते दुःख लेखकाने स्वतः भोगलेले असणे शक्यच नव्हते; ते त्याने ऐकले, पाहिले आणि मनावर घेतले.

म्हणून उत्तर लिहिताना 'हे पात्र म्हणजे अमुक खरी व्यक्ती' अशा शोधात गुंतू नये. मूळ व्यक्ती सापडली, तरी कादंबरीत तिचे काय झाले हा प्रश्न शिल्लक राहतोच.

स्वयंअध्ययन : आपण सोडलेल्या एखाद्या गावातील वा घरातील एका व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा. नंतर त्यांतील कोणत्या गोष्टी प्रत्यक्ष पाहिलेल्या आणि कोणत्या लिहिताना सुचलेल्या, त्यांवर खुणा करा. दुसऱ्या प्रकारच्या ओळी का सुचल्या असाव्यात, यावर पाच ओळींची टीप लिहा.