बियांपासून मिरचीचीं रोपें : नवशिक्यांसाठीं एक पाठ

भोर व वेल्हे या बाजूच्या डोंगराळ खेड्यांत ज्या घरीं एखादे दिवशीं कालवणाला कांहीं नसतें, त्या घरींहि भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा असतोच. असा हा नित्याचा जिन्नस बाजारांतून विकत आणावा लागणें ही शेतकऱ्याच्या घराला शोभणारी गोष्ट नव्हे. घरामागें थोडी जागा, चिमूटभर बीं आणि सुमारें चार महिन्यांची चिकाटी एवढ्या भांडवलावर मिरची घरीं पिकवितां येते. ती कशी, हें या पाठांत पाहूं.

मिरची मूळची आपली नव्हे. ती अमेरिका खंडांतली. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं ती हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आणली. तत्पूर्वीं आपले लोक तिखटपणासाठीं मिरें वापरीत, व मिऱ्याच्या ‘मरिच’ या संस्कृत नांवावरूनच या परक्या फळाला मिरची हें नांव पडलें. तिच्यांत ‘क’ जीवनसत्त्व विपुल असतें. हंगेरी देशांतील शास्त्रज्ञ सेंट-ज्यॉर्जी यांनीं तेथील तांबड्या मिरचीपासूनच तें मोठ्या प्रमाणांत वेगळें काढलें. १९३७ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

प्रथम हंगामाचा विचार करावा. वेल्ह्याकडे व भोरच्या पश्चिम मावळांत पाऊस फार पडतो आणि साठलेलें पाणी तर मिरचीला मुळींच सोसत नाहीं. म्हणून भातखाचरांत पावसाळी मिरची लावूं नये. सप्टेंबरच्या मध्यास वाफ्यांत बीं टाकावें, म्हणजे भात कापून खाचर मोकळें होतें त्याच सुमारास रोपें तयार होतात. पूर्वेकडील कमी पावसाच्या, निचऱ्याच्या जमिनींत जूनमध्यें टाकलेलें बींहि चालतें.

बियांसाठीं निरोगी झाडावरील पूर्ण लाल पिकलेलीं फळें निवडून सावलींत वाळवावीं. संकरित वाणाच्या फळांतील बीं मात्र धरूं नये. त्याचीं झाडें मूळ झाडासारखीं निपजत नाहींत. पुष्कळांना वाटतें कीं मिरचीचा जहालपणा बियांत असतो. वास्तविक तो आंतील पांढऱ्या गाभ्यांत तयार होतो व तेथून बियांना लागतो. म्हणून बीं काढल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्यांस लावूं नयेत.

वाफा दहा फूट लांब, तीन फूट रुंद व अर्धा फूट उंच करावा. माती भुसभुशीत करून तींत चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. चार चार इंचांवर रेघा ओढून अर्धा इंच खोल बीं पेरावें, वर बारीक माती व भाताचा पेंढा पसरावा आणि झारीनें पाणी द्यावें. हवा उबदार असल्यास आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतात. थंडींत याहून अधिक दिवस लागतात. अंकुर दिसतांच पेंढा काढावा.

येथेंच नवशिक्याची खरी कसोटी लागते. सायंकाळीं ताठ उभीं असलेलीं रोपें सकाळीं जमिनीलगत कुजून आडवीं पडलेलीं आढळतात. ही मर होय. दाट पेरणी व साचलेला ओलावा यांमुळें मातींतील बुरशी माजते व कोवळा देठ कुजतो. मायेनें घातलेलें जादा पाणीच पुष्कळदां रोपांचा घात करतें. यासाठीं बीं विरळ पेरावें, मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावें, आणि पेरण्यापूर्वीं बियांस ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी चोळावी. मेलेल्या रोपांस औषध नाहीं. जें करावयाचें तें आधींच केलें पाहिजे.

पांच-सहा आठवड्यांत रोपें वीतभर होतात. शेवटचा आठवडा पाणी थोडें कमी करावें, म्हणजे तीं काटक बनतात. मग सायंकाळच्या वेळीं दोन-दोन फुटांवर लावून लगेच पाणी द्यावें. आदल्या वर्षीं जेथें वांगीं, टोमॅटो किंवा मिरचीच होती ती जागा टाळावी, कारण हीं सर्व एकाच कुळांतलीं असून त्यांचे पुष्कळसे रोगहि सारखेच. पुढें पानें आक्रसूं लागलीं तर तो चुरडामुरडा समजावा. फुलकिडे व कोळी पानांतील रस शोषतात, त्यानें हें होतें. अशीं झाडें आरंभींच उपटून दूर टाकावीं. रोप लावल्यापासून सुमारें दोन-अडीच महिन्यांनीं हिरव्या मिरच्यांचा पहिला तोडा मिळतो.

बाळगोपाळांनो, पेरणाऱ्याचा दाखला आपण शाळेंत अनेकदां ऐकला आहे. तेथें बीं सर्वत्र एकच होतें. भेद होता तो जमिनीचा. जमीन नीट करणें आपल्या हातीं आहे, उगवण आपल्या हातीं नाहीं. म्हणून पहिल्या वर्षीं दहा झाडेंच लावा, रोज नेमानें पाहा, आणि त्यांतील सर्वांत निकोप झाडाचीं दोन फळें न तोडतां लाल होऊं द्या. तेवढ्यांत पुढल्या वर्षीं साऱ्या परसाला पुरेल इतकें बीं असतें.