राखणीची दुर्बीण कशी पारखावी

पिकाच्या राखणीकरितां दुर्बीण घेण्याचा विचार पुष्कळांच्या मनांत असतो. परंतु 'किती पट मोठें दिसतें' एवढेंच विचारून पैसे टाकणारा मनुष्य बहुधा फसतो. म्हणून या साधनाची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

दुर्बिणीवर '८ × ४२' असे आंकडे असतात. पहिला आंकडा वस्तु किती पट जवळ दिसते तें सांगतो. दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्यें सांगतो. दुसऱ्यास पहिल्यानें भागावें. येणारा भागाकार म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी होय. येथें ती सुमारें सव्वापांच मिलिमीटर येते. अंधारांत तरुणाच्या डोळ्याची बाहुली सुमारें ७ मिलिमीटर उघडते, उतारवयांत ५ किंवा त्याहूनही कमी. '२० × ५०' ची दुर्बीण भारी वाटते खरी, पण तिचा झोत अवघा अडीच मिलिमीटरचा. रानडुकरें बहुधा दिवेलागणीनंतर पिकांत शिरतात. नेमक्या त्या वेळीं ती काळोख दाखविते. शिवाय हाताचा कंपही वीसपट वाढतो. नुसतें क्षेत्र पाहून कोणी जमीन घेत नाहीं, कसही पाहतो. तसेंच हें आहे.

घेतांना दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे करावी. डोळ्याकडील भिंगांत प्रकाशाचे दोन ठिपके दिसतात, ते स्वच्छ गोल असावेत. कडा करड्या वा कापल्यासारख्या दिसल्यास आंतील लोलक हलके समजावेत. मग दूरचा कळस पाहावा. एकाचे दोन दिसले किंवा डोळे ओढले गेले, तर नळ्या समांतर नाहींत. भिंगांवर लेप आहे कीं नाहीं हेंही विचारावें. लेप नसलेल्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शेंकडा ४ च्या सुमारास प्रकाश परत फिरतो. सूर्याकडे मात्र दुर्बीण कधींही लावूं नये, दृष्टि जाते.

वापरतांना प्रथम दोन्ही नळ्या डोळ्यांच्या अंतराशीं जुळवाव्या. उजवा डोळा मिटून मधल्या चाकानें डाव्या डोळ्याचें चित्र स्पष्ट करावें. नंतर डावा मिटून उजव्या नळीचें कडें फिरवावें. कोपरें माळ्याच्या आडव्या बांबूवर टेकवावीं.

बंदुकीवरील दुर्बीण हें जनावर शोधण्याचें साधन नव्हे. ती जिकडे फिरते तिकडे बंदुकीचें तोंडही फिरतें. आणि उसांत हालणारें काळें डुक्कर नसून रात्रीं दारें धरणारा आपलाच गडी असूं शकतो. ओळख आधीं हातांतील दुर्बिणीनेंच पटवावी.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानें परवानगीवांचून शिकार करणें गुन्हा ठरलें आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठींही अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. तेव्हां जनावर कोणतें, किती, व कोणत्या बांधावरून शिरलें, हें दुर्बिणीनें पाहून तारीख-वेळेसह टिपून ठेवावें. अर्जाच्या व पंचनाम्याच्या वेळीं अशी नोंद शंभर तोंडी तक्रारींहून अधिक उपयोगी पडते.