चालावे की स्केटिंग करावे?



हुडकेश्वरच्या रस्त्याने सकाळी फिरायला निघालेली माणसे तुम्ही पाहिली असतील. कोणी भरभर चालतात, कोणी गप्पा मारत रमतगमत जातात. एखाद्या गल्लीत पायांना चाके लावून सर्रकन जाणारी मुलेही दिसतात. त्यांना पाहून वाटते, आपणही स्केटिंग करावे!

माझ्या वर्गातील एका मुलालाही तसेच वाटले. तो अंगाने स्थूल होता. मुले त्याला चिडवत. जिना चढला की त्याला धाप लागे. एके दिवशी तो म्हणाला, "सर, अब्बा मला चाकांचे बूट घेऊन देणार आहेत. ईदच्या कपड्यांसाठी ठेवलेले पैसे आहेत. त्याने वजन लवकर उतरेल ना?"

आम्ही दोघांनी कागद घेऊन हिशेब मांडला. तो तुम्हीही पाहा.

५० किलो वजनाची मोठी व्यक्ती ताशी ५ किलोमीटर वेगाने तासभर चालली, तर साधारण १७५ उष्मांक खर्च होतात. तिने तासभर स्केटिंग केले, तर सुमारे ३५० होतात. म्हणजे दुप्पट! शिवाय मांड्यांचे स्नायू बळकट होतात आणि तोल सांभाळता येतो.

पण हिशेब इथेच संपत नाही. नवशिक्याचा पुष्कळ वेळ भिंत धरून उभे राहण्यातच जातो. मग ३५० उष्मांक कसे खर्च होणार? बुटांची चाके लहान असतात. रस्त्यावर गिट्टी, वाळू किंवा खड्डा आला की ती अडतात. पडताना आपण हात पुढे टेकतो आणि मनगटाला दुखापत होते. म्हणून डोक्याला हेल्मेट हवे; मनगट, कोपर व गुडघे यांनाही संरक्षण हवे. सपाट, मोकळी जागा हवी. वाहनांच्या रस्त्यावर तर स्केटिंग कधीच करू नये. वाढत्या वयात पाय वाढतो आणि महागाचे बूट लहान होतात, हेही लक्षात ठेवा.

चालण्याला यांतले फारसे काही लागत नाही. मात्र रमतगमत चालून भागत नाही. बोलता येईल पण गाता येणार नाही, असा वेग ठेवावा. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा पहाटेच चालावे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी. शाळेत भरभर चालत जाणे हीसुद्धा अशीच हालचाल आहे.

आणखी एक गोष्ट. तासभर चालून खर्च केलेले उष्मांक एका मोठ्या समोशाने भरून निघतात. म्हणून तळलेले व गोड कमी खावे. पण उपाशी राहू नये. तुमचे शरीर अजून वाढत आहे. वजनाची काळजी वाटली, तर डॉक्टरांना विचारावे.

त्या मुलाने काय केले? पैसे तसेच ठेवले. अब्बांना मधुमेह होता. त्यांनाही चालायला सांगितलेले होते. दोघे रोज फजरनंतर चालू लागले. वर्ष संपताना मुलाचे वजन थोडेच उतरले होते, पण जिना चढताना त्याला धाप लागत नव्हती. एकदा तो हसत म्हणाला, "सर, आता अब्बाच मला उठवतात!"

तुमच्याजवळ मैदान, साधने आणि शिकवणारे कोणी असेल, तर स्केटिंग जरूर शिका. नसेल, तर खंत करू नका. जी कसरत उद्या, परवा आणि पुढच्या वर्षीही होईल, तीच आपली.

शब्दार्थ
स्थूल – मोटा
उष्मांक – अन्नातून मिळणारी ताकद मोजण्याचे माप
स्नायू – पट्ठे
खंत – अफसोस

स्वाध्याय
१. स्केटिंगसाठी कोणकोणती काळजी घ्यावी?
२. चालण्याचा वेग किती असावा?
३. 'वजन, कसरत, हवा' हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द लिहा.