तेरड्याच्या खोडातून ऊतींचा पाठ

ऊती, अवयव व अवयवसंस्था या संज्ञा मुले तोंडपाठ म्हणतात. परंतु प्रत्यक्ष पाहिल्यावाचून त्यांचा अर्थ मनात ठसत नाही. याकरिता शिक्षकांनी पावसाळ्यात तेरड्याची पानांसह फांदी कापून तांबडी शाई मिसळलेल्या पाण्यात उभी ठेवावी. काही वेळाने खोडात तांबड्या रेषा वर चढलेल्या दिसतात. मग खोड आडवे कापावे. कडेने तांबडे ठिपके आढळतील. त्या जलवाहिन्या होत.

एकच कार्य करणाऱ्या पेशींचा समूह ती ऊती. अनेक ऊती मिळून खोड हा अवयव. मूळ, खोड व पाने मिळून संस्था, हा क्रम येथेच सांगावा. नंतर मुलांना मनगटावरील नाडी मोजावयास लावावी. तेथेही स्नायूंची ऊती, हृदय हा अवयव व रक्ताभिसरण ही संस्था, असाच क्रम आहे.

शेवटी विचारावे : झाडाची साल सभोवार सोलली, तर पाणी वर चढत असूनही झाड का मरते? सालीच्या आतील ऊती पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेते. ती तुटली की मुळे उपाशी राहतात. एका ऊतीच्या नाशाने सर्व देह नष्ट होतो, हे ज्या मुलास उमगले, तो शाळेच्या आवारातील झाडाची साल काढणार नाही.